सहाव्या वर्षाची दाढ
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने भाषेविषयी, संस्कारांविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मराठीची शिक्षिका असल्यामुळे ती अधिकच असणार. तरीही आज मी दातांविषयी बोलणार आहे. त्यामागे एक सल आहे, तो आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी सातवीतील एक मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली. वर्गात आली तरी गालाला हात लावून, मान खाली घालून बसे. मी तिला आळशी समजले आणि वर्गासमोर तसे बोललेही. पुढे कळले, की तिची दाढ किडून कीड मुळापर्यंत पोहोचली होती आणि कित्येक रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अखेर ती दाढ काढावी लागली. तिची आई मला म्हणाली, “बाई, आम्हांला वाटलं दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप.” ती दुधाची नव्हती, कायमची होती. त्या माउलीला हे ठाऊक नव्हते. पण एम. ए., बी. एड. झालेल्या मलाही ते ठाऊक नव्हते. त्यानंतर मी या विषयावर वाचू लागले आणि जे समजले नाही, ते दंतवैद्य झालेल्या आपल्याच एका माजी विद्यार्थिनीकडून समजावून घेतले.

माझ्या पिढीतील अनेकांच्या दाढांत ‘चांदी’ भरलेली आहे. ती निव्वळ चांदी नव्हे. चांदी, कथिल आणि तांबे यांच्या भुकटीत जवळजवळ निम्मा पारा मिसळून ते मिश्रण केलेले असते. हा पदार्थ टिकाऊ खरा. दीडशेहून अधिक वर्षे त्याने जगाची सेवा केली. पण त्याच्यात एक मोठी उणीव आहे. तो दाताला चिकटत नाही. म्हणून तो बसावा यासाठी दातातच खाच कोरावी लागे, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, रांजणाच्या पोटासारखी. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी या कोरण्याचे शास्त्रशुद्ध नियम घालून दिले. पुढे कीड लागू नये म्हणून आजूबाजूच्या निरोगी खाचाही कोरून भरून टाकाव्यात, असे ते सांगत. त्या काळच्या साधनांत हे शहाणपणाचेच होते. परंतु रोगट भागाबरोबर निरोगी भागही जाई, उरलेल्या भिंती पातळ होत आणि कालांतराने एखादी भिंत तडकून पडे. माझी स्वतःची एक दाढ पन्नाशीच्या उंबरठ्यावर अशीच तडकली.

हे चित्र पालटले, ते एका साध्या निरीक्षणामुळे. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करत असत. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे काम करणारे मायकेल ब्युओनोकोर यांच्या मनात आले, की दातावरही असेच करून पाहावे. त्यांनी दाताच्या वरच्या कठीण कवचावर, म्हणजे इनॅमलवर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावले, ते धुऊन टाकले आणि त्यावर राळेसारखा कृत्रिम पदार्थ, म्हणजे रेझिन, बसवले. ते पूर्वीपेक्षा कितीतरी घट्ट धरून राहिले. हे संशोधन १९५५ साली प्रसिद्ध झाले. आम्लामुळे कवचावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे पडतात. पातळ रेझिन त्यांत शिरते आणि आतच घट्ट होते. भिंतीला गिलावा करण्यापूर्वी गवंडी ती टाचून खडबडीत करतो, तोच हा न्याय. मोठी खाच कोरण्याची गरजच उरली नाही.

पुढे राफेल बोवेन यांनी रेझिनमध्ये काचेसारखी कठीण भुकटी मिसळून भक्कम मिश्रण तयार केले. १९६२ साली त्याचे पेटंट मिळाले. आज दाताच्या रंगाचे जे ‘सिमेंट’ भरले जाते, त्यातील एक मोठे घराणे या संशोधनातून आले आहे.

इनॅमलचा प्रश्न सुटला, तरी त्याखालचा थर, डेंटिन, दाद देत नव्हता. इनॅमल जवळजवळ सगळे खनिजच असते. डेंटिन मात्र ओलसर असते. त्यात असंख्य सूक्ष्म नलिका आणि कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. आम्लाने खनिज निघून गेल्यावर ते जाळे उघडे पडते. ते फार कोरडे केले, तर ओल्या जाळीदार कापडासारखे बसते आणि रेझिनला आत वाट मिळत नाही. फार ओले ठेवले, तरी पकड येत नाही. १९८२ साली जपानचे नोबुओ नाकाबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की योग्य रेझिन या तंतूंच्या जाळ्यात झिरपते आणि तिथेच घट्ट होऊन एक मिश्र थर तयार होतो. तो निव्वळ दात नसतो आणि निव्वळ रेझिनही नसतो. केसाहून कितीतरी पातळ अशा त्या थरावर सारी भिस्त असते. परमुलखात साठ वर्षे मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा थराचे मोल वेगळे सांगायला नको.

या पदार्थांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रेझिन घट्ट होताना किंचित आकसते. लाळेचा स्पर्श झाला तर पकड बिघडते. डेंटिनवरची पकड काळानुसार कमकुवत होते. म्हणून सर्वांत चांगला दात तो, ज्यात काहीच भरावे लागलेले नाही. इथेच ब्युओनोकोर यांचे दुसरे योगदान कामी येते. दाढेच्या माथ्यावरील अरुंद घळींत ब्रशचा केसही शिरत नाही आणि कीड बहुधा तिथेच सुरू होते. कीड लागण्यापूर्वीच या घळी रेझिनने बुजवण्याचे त्यांचे व क्युएटो यांचे काम १९६७ साली प्रसिद्ध झाले. याला सीलंट म्हणतात. त्यात दात कोरावा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. दाढ पुरती वर आली नसेल आणि कोरडी ठेवता येत नसेल, तर काच-आयोनोमर सिमेंट वापरता येते. विल्सन आणि केंट यांनी इंग्लंडमध्ये शोधलेले हे सिमेंट दातातील कॅल्शियमशी रासायनिक नाते जोडते आणि थोडे थोडे फ्लोराइडही सोडत राहते.

पालकहो, आता कृपया नीट लक्ष द्यावे. मुलाची पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, म्हणजे ज्या वर्षी आपण त्याला पहिलीत घालता, त्याच वर्षी. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, गाजावाजा न करता उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. अशा चार दाढा येतात आणि त्या जन्मभर पुरवायच्या असतात.

माजी विद्यार्थ्यांनो, महोत्सवी निधीतून प्रवेशद्वारी कमान उभारावी, अशी सूचना आपल्यापैकी काहींनी केली आहे. त्यामागील प्रेम मी जाणते. पण माझी विनंती वेगळी आहे. दरवर्षी पहिली आणि दुसरीतील प्रत्येक मुलाच्या दाढा तपासल्या जाव्यात आणि ज्याला गरज आहे, त्याला पालकांच्या संमतीने सीलंट मिळावे. तपासणीचे काम विनामूल्य करण्याचे त्या माजी विद्यार्थिनीने मान्य केले आहे. प्रश्न साहित्याच्या खर्चाचा आहे. निधीचा पहिला वाटा यासाठी द्यावा. कमान त्यानंतर उभी राहिली, तर मी आनंदाने तिच्याखालून चालेन.

पालकांकडून निधी नको, एवढेच हवे: आज घरी गेल्यावर मुलाला उजेडात उभे करा, ‘आ’ करायला सांगा आणि अगदी मागची दाढ पाहा. रात्री दात घासल्यानंतर त्याला दूध-बिस्किटे देऊ नका. दुखत नाही म्हणून दंतवैद्याकडे जाणे पुढे ढकलू नका. दुखू लागते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

सातवीतील त्या मुलीची मी नंतर क्षमा मागितली. ती संकोचून हसली आणि हसताना तिने तोंडावर हात धरला. तो हात मला अजून दिसतो. या शाळेतील कोणत्याही मुलाला हसताना तोंड झाकावे लागू नये, एवढीच माझी मागणी आहे.