मुठीचे बळ
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत झालेले भाषण)



व्यायामावर चार शब्द बोला, अशी आज्ञा झाली, तेव्हा मी मुठीचा विषय मागून घेतला. काही मित्रांना हसू आले. छातीवर बोलावे, दंडांवर बोलावे, मुठीवर काय बोलायचे!

बडोद्याच्या माणसाने बळाची गोष्ट काढली की ती कमाटीबागेतल्या संग्रहालयाशी जाऊन पोहोचतेच. तेथला तो दगड आपण सर्वांनी लहानपणी पाहिला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पहिलवानांनी तो उचलला, असा मजकूर त्यावर कोरलेला आहे, आणि वजन १२०० किलो सांगतात. गामांविषयी मला कोणाहून कमी आदर नाही. परंतु जमिनीवरून लोखंडी दांडा उचलण्याचा आजचा जागतिक उच्चांकही ५०० किलोच्या थोडाच पुढे आहे, आणि तोसुद्धा दांड्याला मनगटाचे पट्टे गुंडाळून. दगडाला तर ना मूठ, ना कडी. त्यांनी तो कवेत धरून एका कडेवर उठविला असावा, असे माझे मत आहे. चोवीस वर्षांच्या तरुणाने तेवढे केले तरी ते थोडे नव्हे. हे कोणास रुचले नाही तर क्षमा असावी.

उचलणे प्रथम हातात ठरते, हे मला उशिरा कळले. तरुणपणी मीही पट्टे बांधून वजने उचलीत असे आणि स्वतःस मोठा बलवान समजत असे. एके दिवशी आमच्या वस्तादांनी नेहमीच्या दांड्याऐवजी दोन इंच जाडीचा नळ पुढे ठेवला आणि पट्टे काढून घेतले. शंभर किलो सहज उचलणारा मी सत्तरपाशी अडलो! पाठ तयार होती, पाय तयार होते. बोटे मात्र एकेक करून उघडत गेली.

कारण साधे आहे. नेहमीचा दांडा २८-२९ मिलिमीटरचा असतो. त्याभोवती बोटे वळतात आणि अंगठा त्यांवर कुलपासारखा बसतो. दांडा ५० मिलिमीटरचा झाला की अंगठा बोटांपर्यंत पोहोचत नाही, कुलूप लागत नाही, आणि सारा भार बोटांच्या टोकांकडे सरकतो. इंग्लंडात टॉमस इंच नावाचे बलवान गृहस्थ होऊन गेले. त्यांचे एकसंध ओतीव डंबेल सुमारे ७८ किलोचे. पण मूठ जवळजवळ ६० मिलिमीटर जाड. एका हाताने उचलून दाखवा, असे त्यांचे आव्हान असे, आणि चांगले चांगले पहिलवान हात चोळीत परत जात.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. आपल्या दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकरावांनी जी परंपरा वाढविली तिच्यातला मल्लखांबच पाहा. लाकडाला एरंडेल लावलेले, म्हणजे निसरडेच! तेथे धरायचे कसे हे अंगाला शिकावेच लागते. मुद्गल फिरविताना मूठ सैल पडली तर मुद्गल शेजाऱ्याच्या डोक्यात. आणि घरातल्या बायका? जात्याचा खुंटा आणि आडाचा दोर यांनी त्यांचे पंजे पहिलवानासारखे केले होते.

आमच्या आईचे पंजे तसेच होते. पुढे नळ आला, गिरणी आली, आणि त्या हातांना काम उरले नाही. शेवटच्या वर्षांत तिला डब्याचे झाकण उघडेना. न्हाणीघरात आधारासाठी मी भिंतीला नळ बसविला, आणि जाड तितका मजबूत, या समजुतीने दोन इंचीच बसविला. पाय घसरला तेव्हा तिने तो धरला होता. पण तिच्या लहानशा पंजात तो मावला नाही. खुबा मोडला, त्यानंतर ती फिरती झालीच नाही. जाड दांड्याचा गुण ज्याने स्वतःच्या हातांनी अनुभवला होता त्याच्याकडून हे घडावे! आधाराचा दांडा सव्वा ते दीड इंचाचा असावा. आपल्या घरी आजच जाऊन पाहा.

२०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतील सुमारे १,४०,००० माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली; तीत भारतही होता. मुठीचा जोर ५ किलोने कमी असेल तेथे मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्के अधिक आढळला, आणि रक्तदाबाच्या आकड्याहून मुठीचा आकडा अधिक बोलका ठरला. मूठ वळल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ मी करीत नाही. सर्व शरीराची अवस्था मुठीत दिसते, एवढेच.

ट्रस्टच्या व्यायामशाळेसाठी यंत्रे घेण्याचा विचार चालू आहे असे ऐकतो. जरूर घ्यावीत. पण एक दोन इंची नळही ठेवावा. खर्च नगण्य आहे. आठवड्यातून दोनदा, हलक्या वजनाने, पाठ सरळ ठेवून पाच-सहा वेळा उचलावा. श्वास कोंडू नये. रक्तदाब असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साठीपुढच्या भगिनींना वजनही नको. ओला टॉवेल पिळला तरी चालेल.

वस्तादांचा तो नळ अजून माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी सात वाजता तो मागच्या अंगणात आणून ठेवतो. पट्टे घरी ठेवून यावे.