पहिल्या वर्षाचा वर्ग
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला ‘आयटीतील संधी’ हा विषय सुचवला होता. तो मी बदलून मागितला. आपल्या वर्गातले तिघे आज सीनियर कॉलेजात विज्ञान शिकवतात. त्यांच्या कामाविषयी चार शब्द बोलावेसे वाटले.

आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय एडिंबरा विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले आणि १८८९ साली कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. संशोधनात त्यांचं मोठं नाव झालं, तरी नवख्या मुलांचे तास ते आवर्जून स्वतः घेत. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस त्यांचेच विद्यार्थी. दोघांनी नाव काढलं ते भौतिकशास्त्रात, रसायनात नव्हे. वयाच्या साठीनंतर आचार्यांनी आपला पगार विद्यापीठालाच देऊन टाकला. राहायला सायन्स कॉलेजातलीच एक खोली आणि भोवती विद्यार्थी!

नवख्यांचा वर्ग इतका महत्त्वाचा का? माझ्या पहिल्या वर्षाचं एक उदाहरण सांगते. लंबकाचं प्रॅक्टिकल होतं. सगळ्यांच्या जर्नलमध्ये g चं उत्तर अगदी ९.८. कसं आलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे! एका मुलीचं मात्र १०.८ आलं आणि तिने ते तसंच लिहिलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, “पुन्हा मोज, मी बघतो.” तिने लंबक सोडतानाच ‘एक’ म्हटलं. म्हणजे वीस आंदोलनं म्हणून मोजली, ती खरी एकोणीसच. सर हसून म्हणाले, “सोडताना शून्य म्हणायचं. आणि आकडा बदलला नाहीस, हे उत्तम केलंस.” तास संपून अर्धा तास झाला होता.

आज माझ्या टीममध्ये नवीन मुलं येतात. एकाने कमी-जास्त मोजल्याची चूक प्रोग्राममध्ये रोज भेटते. ती सापडते, दुरुस्तही होते. पण पहिल्या वर्षापासून आकडे जुळवायची सवय लागलेल्या मुलाला ‘माझं उत्तर चुकतंय’ हे मोकळेपणी सांगायला शिकवणं फार अवघड जातं. ते काम त्या वयातच व्हावं लागतं आणि ते प्राध्यापकच करू शकतात.

माझी काळजी वेगळीच आहे. तो तासानंतरचा अर्धा तास वेळापत्रकात कुठेच नसतो. आज कितीतरी कॉलेजांत तरुण प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर पैसे. एक कॉलेज संपवून दुसरं गाठणाऱ्या माणसाने लंबकापाशी थांबावं तरी कसं? थांबणारे आजही आहेत. आपले तिघे त्यांतलेच आहेत. पण सगळा भार त्यांच्या चांगुलपणावर टाकणं बरं नव्हे. या जागा कायम भराव्यात, हे आपण पालक म्हणून, मतदार म्हणून मागत राहिलं पाहिजे.

तोवर एक छोटी गोष्ट करता येईल. आपल्या शाळेतून विज्ञानाला गेलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आपल्यातल्या प्रत्येकाने महिन्यातला एक शनिवार द्यावा. करिअरचं भाषण नको. त्यांची वही उघडायची आणि विचारायचं, “हे कसं आलं, दाखव बरं.”

बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे. जेवायला जाताना तुमचंही लिहून जा.