सर्पगंधेची साक्ष



रक्तदाबावर झाडपाला चालतो काय, असे आम्हांस वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्यांत दोन पक्ष असतात. एकाला झाडपाला म्हणजे सारे अमृत वाटते, दुसऱ्याला सारे थोतांड. सर्पगंधेची हकीकत दोघांनीही ऐकावी अशी आहे.

या वनस्पतीची मुळी आपल्याकडे पूर्वापार निद्रानाशावर व उन्मादावर देत. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील गुण नोंदविला. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ५० रोग्यांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. थोतांड म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

पण हकीकत येथे संपत नाही. रेसरपिन घेणाऱ्या काहींचे नाक चोंदे, तर काहींना, विशेषतः मात्रा मोठी असता, खिन्नतेने घेरल्याच्या नोंदी झाल्या. आज त्याचा वापर फार थोडा उरला आहे. ज्या मुळीत गुण आहे, तिच्यात अपायही असू शकतो.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत गुग्गुळाचे पाहा. मेदावर त्याचा उपयोग सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. तोच धागा धरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले. १९६६ च्या त्यांच्या प्रबंधात अनुकूल फळ दिसले. मात्र २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, १०३ माणसांवरील अमेरिकन चाचणीत अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडे चढले! ग्रंथाचा मान राखावा, पण निवाडा प्रयोगाकडेच सोपवावा.

घरगुती वस्तूंनाही हाच न्याय. लसूण रक्तदाब किंचित उतरविते. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असता ती औषध म्हणून भरपूर खाल्ल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. खोकल्यासाठी चघळलेले ज्येष्ठमध रोज व फार झाले, तर रक्तदाब वाढवते.

मंडळी, पूरक म्हणजे जोडीला येणारे. गोळी बंद करून काढा घेणे याला पूरक म्हणत नाहीत. रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो फसवितो. काढ्याने बरे वाटले, एवढ्यावरून तो उतरला असे समजू नका. यंत्राने मोजून घ्या. आणि जे चूर्ण, जी मुळी घेत असाल, ती डॉक्टरांपासून लपवू नका. सर्पगंधेचा गुण आणि दोष दोन्ही उघड झाले, ते तिला कोणी झाकून ठेवले नाही म्हणूनच.