घड्याळाची चौकशी किती करावी?



कॉलेजात जाणारा मुलगा एक दिवस घरी सांगतो, "बाबा, रोलेक्सची फर्स्ट कॉपी मिळतेय. अगदी स्वस्तात. आणि मी सगळं बघून ठेवलंय." बाबांना वाटतं, पोरगं थापा मारतंय. पण त्याने खरोखरच बघून ठेवलेलं असतं. कुठल्या कॉपीचं वजन मूळ घड्याळाइतकं भरतं, कुणाचा सेकंदकाटा अडखळत नाही, तारखेवरचं भिंग कुणी नीट बसवलंय, सगळं त्याला तोंडपाठ असतं. रात्र रात्र जागून त्याने व्हिडिओ पाहिलेले असतात. तेव्हा आजकालची मुलं चौकशी न करता वस्तू घेतात, असं निदान घड्याळाच्या बाबतीत मला म्हणता येणार नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. एवढी चौकशी करून त्याच्या हाती लागलं काय?

चौकशीला कुठेतरी तळ लागावा लागतो. चांगली चौकशी म्हणजे जिची उत्तरं मिळतात आणि मग जी थांबते. हे घड्याळ कुणी बनवलं? साधारण कधी बनवलं? आत मशीन कुठलं आहे? बिघडलं तर सुटे भाग मिळतात का, आणि दुरुस्त कोण करतं? साधं शंभर वर्षांपूर्वीचं घड्याळ असलं, तरी या प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्या घड्याळाकडूनच काढता येतात. नकली घड्याळाच्या बाबतीत मात्र पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. तबकडीवर ज्याचं नाव आहे त्याने ते बनवलेलं नाही, आणि ज्याने बनवलंय त्याने आपलं नाव कुठेच घातलेलं नाही.

'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी', 'सेव्हन ए' हे शब्द आपण दुकानात ऐकतो. ऐकायला ते प्रतवारीसारखे वाटतात. पण ही प्रतवारी ठरवणारी कुठलीही संस्था नाही. ज्याच्या हातात माल, त्याच्या तोंडी शब्द. गेल्या महिन्यात आलेल्या मालात एक मशीन असेल, या महिन्यात दुसरं असेल, आणि डबी मात्र तीच. मित्राने घेतलेलं घड्याळ दोन वर्षं उत्तम चाललं, ही माहिती तुमच्या घड्याळाला लागू होईलच असं नाही.

बाजारात सांगितल्या जाणाऱ्या परीक्षाही अशाच फसव्या. सेकंदकाटा टकटक न करता सरकत जातो, म्हणजे माल भारी, असं म्हणतात. सेलच्या बहुतेक घड्याळांचा काटा सेकंदाला एक उडी मारतो. यांत्रिक घड्याळात मात्र तो सेकंदाला पाच, सहा किंवा आठ बारीक उड्या मारतो, म्हणून सरकल्यासारखा दिसतो. तेव्हा काटा सरकला याचा अर्थ एवढाच की मशीन बहुधा यांत्रिक आहे. आणि स्वित्झर्लंडच्या 'ईटीए २८२४' या गाजलेल्या मशीनच्या धर्तीवर चीनमध्ये कितीतरी मशीनं तयार होतात. ती सगळीच वाईट असतात असंही नाही, काही छान चालतात. पण आपल्या घड्याळात त्यातलं कुठलं आलं, हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. वजनाचं म्हणाल, तर स्टील स्वस्त आहे. आणि मागे '१०० मीटर' असं कोरलेलं असलं, तरी कोरायला पाण्याची गरज लागत नाही. दाबाच्या यंत्रात तपासल्याशिवाय तो आकडा म्हणजे नक्षी समजावी आणि घड्याळ घालून पोहायला जाऊ नये.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. आपल्याकडे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे खोटं चिन्ह लावलेला माल विकणं, किंवा विक्रीसाठी जवळ ठेवणं, हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. ही कलमं विकणाऱ्यासाठी आहेत, स्वतःच्या मनगटासाठी घेणाऱ्यावर ती येत नाहीत. पण हौसेने युरोपची सहल काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. स्वित्झर्लंडमध्ये १ जुलै २००८ पासून स्वतःच्या वापरासाठीसुद्धा नकली माल आत नेता येत नाही, कस्टमवाले तो काढून घेऊ शकतात. फ्रान्समध्ये तर असा माल जवळ बाळगणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. म्हणजे ज्या स्वित्झर्लंडचं नाव मनगटावर मिरवायचं, त्याच देशाच्या दारात घड्याळ उतरवून ठेवायची वेळ यायची.

आता कुणी म्हणेल, नक्कल ही इतकी वाईट गोष्ट आहे का? मुळीच नाही. आपल्या देशातलं सर्वांत लाडकं घड्याळ दुसऱ्याकडूनच शिकून तयार झालं होतं. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे आपली एचएमटी. तिने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. आराखडे त्यांचे, तंत्र त्यांचं. धक्का सोसण्यासाठी त्यात जी योजना होती, ती 'पॅराशॉक' सिटिझनचीच, आणि तो शब्द एचएमटीच्या तबकड्यांवर छापलेलाही असायचा. पण तबकडीवर मोठं नाव होतं ते एचएमटीचं. शिकलो कुणाकडून हे लपवलं नाही, आणि केलं कुणी हेही लपवलं नाही. म्हणूनच आज साठ वर्षांनी त्या घड्याळाची चौकशी करता येते.

आणि ती करावी लागते, श्रोतेहो. कारण एचएमटीच्या घड्याळ विभागाला टाळं लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला आणि त्यानंतर जुन्या 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर', 'सोना', 'कांचन' यांना एकदम भाव आला. भाव आला की मागोमाग बनावट येतेच. फक्त ही बनावट वेगळ्या जातीची आहे. ती मुंबईतच जन्मली, आणि परदेशातले घड्याळांचे शौकीन तिला 'मुंबई स्पेशल' म्हणूनच ओळखतात.

तिचा उगम मात्र लबाडीत नव्हता. मुंबईची हवा दमट. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की तबकडीवर डाग पडायचे, आकडे पुसट व्हायचे. गिऱ्हाईक घड्याळजीला म्हणायचं, "डायल नवीन करून द्या." मग तबकडी घासून तिला नवा रंग द्यायचा, नावं-आकडे नव्याने छापायचे. याला बाजारात 'रिडायल' म्हणतात. तेव्हा ती दुरुस्ती होती, आणि गिऱ्हाइकाला सगळं ठाऊक असायचं. पुढे भंगारातली घड्याळं गोळा करून एकाची केस, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे आणि वर ताजी रंगवलेली तबकडी, अशी जुळणी सुरू झाली. रेल्वेचं बोधचिन्ह, हवाई दलाचे पंख, कधी नेत्यांची चित्रं, असं काय वाटेल ते छापायचं आणि 'दुर्मीळ, न वापरलेला जुना माल' म्हणून विकायचं. गंमत अशी की एचएमटीने काही संस्थांसाठी बोधचिन्ह छापलेली घड्याळं खरोखरच केली होती. त्यामुळे नुसतं चित्र पाहून होय किंवा नाही म्हणता येत नाही.

मग काय पाहायचं? तीन गोष्टी. आणि त्या याच क्रमाने.

पहिली, तबकडी. खिशातलं साधं भिंग लावा. कारखान्यात छापलेलं अक्षर बारीक आणि काठाला स्वच्छ असतं. रिडायलचं अक्षर जाड होतं, शाई किंचित पसरलेली दिसते. मिनिटांच्या खुणा तासांच्या खुणांसमोर नेमक्या येतात का, ते बघा. नाव मधोमध आहे की एका अंगाला गेलंय, हेही बघा. घड्याळ पन्नास वर्षांचं, केसवर ओरखडे, काच पिवळट, आणि तबकडी मात्र कालच्यासारखी लखलखीत? तर एवढ्या वर्षांत तिला काहीच कसं झालं नाही, असं विचारायला हरकत नाही. सोनेरी मुलाम्याचं घड्याळ असेल तर पट्टा जिथे अडकतो तिथले कोपरे पाहा. खऱ्या वापरातला मुलामा सर्वांत आधी तिथेच उडतो.

दुसरी गोष्ट, झाकणाच्या आत. हे काम घड्याळजीचं. चावीच्या एचएमटी मशीनवर कंपनीचं नाव असतं, आणि 'जनता', 'पायलट' यांच्यासारख्या नेहमीच्या घड्याळांत १७ ज्वेल्स असल्याचं लिहिलेलं असतं. बाहेर एक नाव आणि आत दुसऱ्याच कंपनीचं मशीन निघालं, तर बोलणंच संपलं. स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा चुरगळलेल्या असतील, तर आत बरेच अडाणी हात फिरलेले आहेत. गंज दिसला तर पाणी शिरलेलं आहे. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून अर्ध्या मिनिटात हे सगळं सांगतो, आणि त्याचे पैसे द्यायला कुरकुरू नये. सगळ्या चौकशीत सर्वांत स्वस्त पडते ती हीच.

तिसरी गोष्ट, चाल. त्यासाठी घड्याळ एक दिवस जवळ ठेवायला मागा. हळूहळू पूर्ण चावी द्या. बोटांना ती खरखरीत लागता कामा नये. रेडिओवर बातम्यांआधी जी वेळेची टिकटिक वाजते, तिच्याशी काटे जुळवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच बातम्यांना पुन्हा ताडून बघा. जुनं चावीचं घड्याळ दिवसाकाठी एखाद-दोन मिनिटं पुढेमागे गेलं, तर ते मी पोटात घालीन. पाच-दहा मिनिटं गेलं तर ऑइलिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला. फारच पुढे पळत असेल, तर कधीकधी आतल्या कमानीला चुंबकत्व आलेलं असतं. घड्याळजी ते उतरवून देतो.

फावरे-ल्युबा, वेस्ट एंड अशा मुंबईच्या बाजाराशी जुना संबंध असलेल्या स्विस घड्याळांनाही साधारण हीच रीत लागू पडते. फक्त १९६० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं घड्याळ असेल, तर हौसेने ते स्वतः उघडून तबकडी खरवडू नका. त्यात खरोखरीचं रेडियम असू शकतं. आता चमकत नाही म्हणून ते संपलं असं समजू नये. चमक देणारं रसायन थकतं, रेडियम मात्र तसंच राहतं. त्याचा किरणोत्सार निम्म्यावर यायलाच सोळाशे वर्षं लागतात.

आता मूळ प्रश्न. चौकशी किती करावी? माझं उत्तर असं की, तुम्हाला घड्याळाकडून काय हवंय त्यावर ते अवलंबून आहे. रोज मनगटावर बांधून ऑफिसला जायचं असेल, तर तबकडी रिडायल आहे की मूळ, याचा कीस काढू नका. मशीन त्याच कंपनीचं असलं आणि चाल नीट असली की पुरे. रिडायल आहे असं विकणाऱ्याने सांगितलं आणि त्या मानाने पैसे कमी लावले, तर व्यवहार सचोटीचाच झाला. संग्रहासाठी घेत असाल, तर मात्र तबकडी, काटे, केस, चावीचं बोंड, प्रत्येक गोष्ट मूळची आहे का ते तपासा, कारण तुम्ही पैसे त्याचेच मोजताय. आणि आजोबांचं घड्याळ दुरुस्त करून घालायचं असेल, तर चौकशी घड्याळाची नको, घड्याळजीची करा. तो सुटे भाग कुठून आणतो आणि काढलेले जुने भाग परत देतो का, एवढं विचारा.

आणि ज्याला नुसता दिमाखदार देखावा हवा, त्याच्यासाठीही सरळ वाट आहे. पाणबुड्याच्या किंवा वैमानिकाच्या जुन्या प्रसिद्ध घड्याळांच्या घाटणीची, पण तबकडीवर स्वतःचं नाव छापलेली घड्याळं कितीतरी कंपन्या उघडपणे विकतात. त्यांना पावती असते, गॅरंटी असते. ती परवडणारीही असतात. घाटणी दुसऱ्याकडून घेतली, नाव मात्र स्वतःचं दिलं. यात कुणाला मान खाली घालायचं कारण नाही.

तेव्हा पोराने रात्र रात्र जागून व्हिडिओ पाहण्याऐवजी दुकानात एकच वाक्य बोलून पाहावं. "मागचं झाकण उघडून दाखवा." दुकानदाराने दाखवलं, तर पुढचं बोलणं सुरू करा, भावही करा. "उघडलं तर गॅरंटी जाईल," असं तो म्हणाला, तर गॅरंटी कुणाची, आणि ती लेखी कुठे आहे, ते विचारा. याला उत्तर आलं नाही, तर तुमची चौकशी पूर्ण झाली असं समजून दुकानाची पायरी उतरा.