कीबोर्ड कुणापुढे आहे?

(जयपूरच्या राजा पार्कमध्ये मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी घरातला पहिला पदवीधर. आता इथल्या एका कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवतो. आमच्या वेळी सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो, परीक्षेत तोच लिहायचो. मशीनला फारसा हात न लावता मी प्रथम श्रेणीत पास झालो.

आता विद्यार्थीकेंद्री शिक्षणाचा बोलबाला आहे. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. सरांनी काय शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येतं, हा त्यामागचा प्रश्न. प्रश्न रास्तच आहे. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं: शिक्षक शेतकरी वर्गातले हवेत, मुलांच्या गरजा ओळखणारे हवेत.

मीही लेक्चर कमी केलं. म्हटलं, आपापले गट करा, प्रोजेक्ट करा. झालं काय? ज्यांच्या घरी लॅपटॉप, इंग्रजी आणि इंजिनिअर काका, ते कीबोर्डवर बसले. आपली पोरं फाइल लिहीत राहिली, प्रिंट आणत राहिली. जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं. ती विभागणी माझ्याच लॅबमध्ये माझ्या परवानगीने चालली होती.

मग गट मी पाडू लागलो. दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड दुसऱ्याकडे जातो. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने पुढची ओळ सांगायची. गुण देताना कुणालाही कोणताही भाग विचारतो. उत्तर हिंदीत द्या, ढुंढाडीत द्या, चालतं. घरी मशीन नसलेल्यांसाठी लॅब संध्याकाळी उघडी ठेवतो. सत्र संपताना, आधी फक्त फाइल लिहिणाऱ्या एका मुलीने जोडीदाराचा चुकलेला लूप स्क्रीनवर बोट ठेवून दाखवला.

इथून काही किलोमीटरवर हायकोर्टाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा आहे. २०१८ मध्ये औरंगाबादच्या दोन महिलांनी येऊन त्याला काळं फासलं. तो मनू दिसतो तरी. लॅबमधला मनू बसण्याच्या जागांमध्ये लपलेला असतो.

म्हणून उद्या लॅबमध्ये गेलात की बघा, कीबोर्ड कुणापुढे आहे. तुमच्यापुढे नसेल तर मागा. आणि उद्या शिकवायला उभे राहिलात, तर कुणालाही तो मागावा लागू नये, एवढं बघा.

जय भीम, जय जोती.