दहा जणांचे मंत्रिमंडळ आणि बाहेरचा पाठिंबा

(धाराशिव येथे एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'अल्पमतातील सरकारचे मंत्रिमंडळ' हा विषय संयोजकांनी कळविला, तेव्हा या विषयाला धाराशिवात श्रोते कोठून मिळणार, असे मला वाटले होते. सभागृह भरलेले पाहून ती शंका मागे घेतो.

१९ ऑक्टोबर २०१४ चा निकाल आपणांस आठवत असेल. भारतीय जनता पक्षाला १२२, शिवसेनेला ६३, काँग्रेसला ४२ आणि राष्ट्रवादी काँग्रेसला ४१ जागा मिळाल्या. बहुमताला १४५ हवे होते. आपल्या जिल्ह्यातील चार जागांपैकी दोन राष्ट्रवादीकडे, एक काँग्रेसकडे व एक शिवसेनेकडे गेली. म्हणजे राज्यातील सर्वांत मोठ्या पक्षाचा येथे एकही आमदार नव्हता. मुखेडचे नवनिर्वाचित आमदार गोविंद राठोड यांचे मुंबईला जाताना निधन झाले आणि १२२ चे १२१ झाले. अल्पमतात एकेक माणूस किती मोलाचा असतो, हे त्या दुःखद घटनेने जाणवले.

३१ ऑक्टोबरला वानखेडे मैदानावर पंतप्रधानांच्या उपस्थितीत शपथ झाली ती अवघ्या दहा जणांची. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री. एकनाथ खडसे यांच्याकडे महसूल व कृषी, सुधीर मुनगंटीवार यांच्याकडे अर्थ व वने, विनोद तावडे यांच्याकडे शिक्षण, चंद्रकांत पाटील यांच्याकडे सहकार व बांधकाम, प्रकाश मेहता यांच्याकडे उद्योग, पंकजा मुंडे यांच्याकडे ग्रामविकास, विष्णू सवरा यांच्याकडे आदिवासी विकास. दिलीप कांबळे व विद्या ठाकूर हे राज्यमंत्री. यादी बारकाईने पाहा. मुंबईतील आमदार तीन आणि दुष्काळाने होरपळणाऱ्या मराठवाड्याला एकच मंत्रिपद. विधानसभेचे अध्यक्षपद फुलंब्रीच्या हरिभाऊ बागडे यांना मिळाले हे खरे, पण अध्यक्षाला खाते नसते.

एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर सभागृहाच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. ती अटलजींच्या कारकिर्दीतील. आपल्या राज्यात ती मुख्यमंत्र्यांसह ४३ भरते. मुख्यमंत्र्यांसह किमान बारा मंत्री असावेत, असेही त्याच कलमात म्हटले आहे. शपथ मात्र दहांनीच घेतली. (२०२२ मध्ये तर ३० जून ते ९ ऑगस्ट असे चाळीस दिवस दोघांनीच राज्य हाकले, आणि तेव्हा बहुमत गाठीशी होते!) रिकाम्या ठेवलेल्या तेहतीस खुर्च्या हा काटकसरीचा भाग नव्हता. त्या खुर्च्या शिवसेनेशी चालू असलेल्या बोलण्यांसाठी राखलेल्या होत्या.

युरोपातील नॉर्वे या देशात अल्पमतातील सरकार ही नित्याची गोष्ट आहे. तेथे नव्या सरकारला विश्वासमत सिद्ध करावे लागत नाही. बहुमताने घालवीपर्यंत ते राहते. संसद चार वर्षांच्या आत विसर्जित करता येत नाही, म्हणून विरोधकांनाही सरकार पाडण्याची घाई नसते. खासदार मंत्री झाला की संसदेतील त्याची जागा पदावर असेपर्यंत पर्यायी सदस्य सांभाळतो. जानेवारी २०२५ मध्ये सेंटर पक्ष सरकारातून बाहेर पडला, तेव्हा पंतप्रधान स्टोरे यांनी संसदेबाहेरचे स्टोल्टेनबर्ग यांना अर्थमंत्री केले. पुढे सप्टेंबरच्या निवडणुकीत १६९ पैकी ५३ जागांवर त्यांचे सरकार टिकले. दर अर्थसंकल्पाला कोणाशी काय ठरले, ते तेथे लेखी व उघड असते.

आपल्याकडे तसे काही घडले नाही. निकालाच्या दिवशीच, न मागता, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला. ज्या पक्षाच्या सिंचन खात्यातील कारभारावर प्रचारात आपण बोट ठेवले, त्याच्याच आधारावर सरकार उभे राहणार, हे गावोगाव पत्रके वाटणाऱ्या कार्यकर्त्याला कसे पचावे? १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. विरोधकांची मतविभाजनाची मागणी मान्य झाली नाही. नियमात ते बसलेही असेल. तथापि कोणी कोणाला मत दिले याची नोंद राहिली नाही, हे मला तेव्हाही खटकले होते आणि आजही खटकते. १९९६ साली तेरा दिवसांनंतर संख्या नाही हे सभागृहात सांगून राजीनामा देणारे अटलजी आपण पाहिले आहेत. मापदंड आपणच घालून दिला होता.

पस्तीस दिवसांनी, ५ डिसेंबरला, विस्तार झाला. वीस नवे मंत्री आले, त्यांत शिवसेनेचे दहा. काही आठवड्यांपूर्वी विरोधी पक्षनेते झालेले एकनाथ शिंदे मंत्री म्हणून समोरच्या बाकांवर आले. गिरीश महाजनांना जलसंपदा आणि परतूरच्या बबनराव लोणीकरांना पाणीपुरवठा खाते मिळाले. मराठवाड्याच्या दृष्टीने खरे मंत्रिमंडळ त्या दिवशी बनले, असे मी म्हणेन. तरीही एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

आपल्या जिल्ह्याचे म्हणाल, तर २०१४ मध्ये राष्ट्रवादीतर्फे येथून निवडून आलेले राणाजगजितसिंह पाटील २०१९ मध्ये भाजपतर्फे तुळजापुरातून आमदार झाले. आणि २ जुलै २०२३ रोजी अजित पवार उपमुख्यमंत्री म्हणून सरकारात दाखल झाले. बाहेरचा पाठिंबा आत यायला नऊ वर्षेही लागली नाहीत.