मोबाईलवरची जाहिरात आणि मैदानावरचे मूल
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मैदानावर दर रविवारी मुलामुलींसाठी फुटबॉलचा वर्ग सुरू करावा, असा संस्थेचा विचार आहे. त्याची जाहिरात इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून करावी, असे आमच्या तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. ते रास्तच आहे. छापील पत्रक आज कोण वाचतो? परंतु या जाहिरातीचे गुणदोष आपण आधी समजून घ्यावेत, म्हणून हे चार शब्द.

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीतला एक विद्यार्थी मला एका फुटबॉल अकादमीची जाहिरात दाखवायला आला. परदेशी क्लबचे चिन्ह, हिरवेगार मैदान आणि ‘शेवटच्या काही जागा’ अशी घाई. मी नुसते “छान आहे” म्हणालो. त्याचे वडील गॅरेजमध्ये काम करतात. त्यांनी उसनवारी करून निवड चाचणीची फी भरली. मुलगा निवडला गेला, शेजारीपाजारी पेढे वाटले गेले. आठ दिवसांनी निवासी शिबिरासाठी मोठी रक्कम मागण्यात आली, तेव्हा कळले की चाचणीला गेलेली बहुतेक सगळीच मुले ‘निवडली’ गेली होती. पैसे तर गेलेच. पण तो मुलगा लाजेने महिनाभर मैदानाकडे फिरकला नाही. जी चौकशी मी शिक्षक या नात्याने करायला हवी होती, ती मी केली नाही, याची खंत मला आजही आहे.

मित्रांनो, अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये दिवसभराच्या सरावातला एकच उत्तम गोल दिसतो. पैसे भरून जाहिरात अमुक परिसरातील, अमुक वयाच्या लोकांपुढे नेता येते. म्हणजे ती आपल्यासमोर आली, यात नशिबाचा काही भाग नसतो. लाईकही विकत मिळतात. परदेशी क्लबचे नाव पुष्कळदा परवान्यावर घेतलेले असते. शिकवणारे मात्र इथलेच असतात.

म्हणून पालकांनी आधी मैदान पाहावे, मग पैसे भरावेत. प्रशिक्षकाकडे डी, सी, बी, ए यांपैकी कोणता परवाना आहे? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची अकादमीला मान्यता आहे का? वर्षाची एकूण फी किती? एका प्रशिक्षकामागे मुले किती? हे विचारण्यात संकोच कसला? आणि चौदा वर्षांच्या मुलाला कोणी युरोपातील क्लबात नेण्याचे वचन देत असेल, तर सावध व्हा. फिफाच्या नियमांनुसार, काही मोजके अपवाद सोडल्यास, अठरा वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशात बदली होत नाही.

आता दुसरी बाजू. वर्गाची बातमी ऐकून एक भगिनी मला म्हणाल्या, “सर, माझी मुलगी खेळेल, पण तिचा फोटो मोबाईलवर फिरायला नको.” हे ऐकून एकदोघे हसले. मला मात्र त्यांचे म्हणणे मोलाचे वाटले. अकादमीच्या जाहिरातीत सर्वांत जास्त खपणारी वस्तू म्हणजे मुलाचा चेहरा, आणि तो बहुधा न विचारताच वापरला जातो. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीलायक संमती आवश्यक मानली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या मागणीला आपण मागासलेपणा समजून हसलो, तीच कायद्यानेही मान्य केली आहे.

तेव्हा आपल्या वर्गासाठी माझ्या चार सूचना आहेत. जाहिरातीत प्रशिक्षकाचे नाव, त्याचा परवाना आणि संपूर्ण फी लिहावी. लेखी संमतीशिवाय कोणाही मुलाचा वा मुलीचा चेहरा दाखवू नये. पाय, चेंडू आणि मैदान दाखवूनही खेळ दिसतो. मुलाचे नाव, शाळा आणि सरावाची वेळ एकत्र कधीच देऊ नये. आणि ‘निवड’ हा शब्द वापरू नये. येईल त्याला शिकवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गोलला किती लाईक मिळाले, यावर तुमचा खेळ ठरत नाही. डाव्या पायाने पास देता येतो का, दमल्यावरही मागे धावत येता का, हरल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला येता का, हे कॅमेऱ्यात फारसे दिसत नाही; पण खेळाडू त्यातूनच घडतो.

तो नववीतला, आता दहावीत गेलेला विद्यार्थी आज समोर बसला आहे. रविवारी मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला येईन, असे त्याने मला कबूल केले आहे. पालकांनीही यावे आणि आमची जाहिरात खरी आहे की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.